दोरीचा चार्ज

नागपुरात बर्डीच्या बाजारात उभं राहून मान वर केली की किल्ला दिसतो. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस उघडा असतो: सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. कोराडीचं वीजकेंद्र तीनशे पासष्ट दिवस चालू असतं. अंकुश टेंभुर्णे यांनी त्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं नोकरी केली, आणि लग्नाच्या वर्षी बायकोला किल्ला दाखवायचं कबूल केलं. या तीन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत हे दोघांच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

कबूल केलं ते १९९१ साली, बर्डीवरच्या एका साडीच्या दुकानातून बाहेर पडताना. प्रेमिलाबाई भिवापूरकडच्या. त्यांनी टेकडीकडे बघून विचारलं, वर काय आहे? टेंभुर्ण्यांनी सांगितलं, किल्ला. "येत्या पंधरा ऑगस्टले दाखवतो तुले."

त्या पंधरा ऑगस्टला त्यांची सकाळपाळी लागली. पुढच्या सव्वीस जानेवारीला दुपारपाळी. सुटीच्या दिवशी कामावर कोण येणार असा प्रश्न निघाला की कोणाच्या घरी पाहुणे असत, कोणाला ताप असे. टेंभुर्ण्यांकडे यांतलं काही नसे, किंवा असलं तरी त्यांना ते सांगता येत नसे. पुढेपुढे पाळ्यांचा तक्ता लिहिणारा कारकून आधी त्यांचं नाव लिही आणि मग तारीख. ज्या थोड्या सुट्यांना ते मोकळे होते, त्यांतल्या बहुतेक वेळी ते रात्रपाळी करून आलेले होते आणि झोपलेले होते. पंधरा ऑगस्ट १९९१ ते पंधरा ऑगस्ट २०२४, प्रेमिलाबाईंनी कॅलेंडरावर मोजून ठेवलं होतं: शंभर खेपा.

टेंभुर्णे कंट्रोल रूममध्ये होते. पॅनेलसमोर बसायचं, दर तासाला रीडिंग घ्यायचं, ते लॉगबुकात उतरवायचं. आणि एक नियम: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन सही करेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. हा नियम सगळ्यांनाच होता, पण बाकीचे तो नोकरीपुरता पाळत. १९९४ च्या पावसाळ्यात त्यांचे रिलीव्हर रुपराव यांची बस नाल्याच्या पुरात अडकली आणि टेंभुर्णे सलग बावीस तास बसले. त्या दिवशी घरी मुलाचं नामकरण होतं. मुलाचं नाव प्रशिक ठेवल्याचं बापाला प्लँटच्या फोनवर कळलं. त्यांनी ते सवयीने लॉगबुकात लिहिलं आणि मग एक रेघ मारून खोडलं.

गेल्या ऑक्टोबरात ते निवृत्त झाले. कॉलनीतलं क्वार्टर सोडून दोघं जवळच महादुल्यात स्वतःच्या घरात राहायला आली. घराला गच्ची आहे आणि गच्चीवरून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. टेंभुर्णे सकाळी चहा घेऊन वर जातात आणि कोणत्या चिमणीतून किती धूर निघतोय ते पाहून खाली येतात. कोणी विचारलेलं नसतं, तरी सांगतात.

सव्वीस जानेवारीचा बेत डिसेंबरातच ठरला. या वेळी त्याला मुदत होती. प्रेमिलाबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दहा फेब्रुवारीला ठरलं होतं आणि डॉक्टरांनी नंतर वर्षभर चढाव बंद सांगितला होता. दुसरं कारण शेजारच्या सिंधूताई. त्या चार वेळा किल्ल्यावर जाऊन आल्या होत्या आणि चारही वेळचं वेगवेगळं सांगत. सव्वीसच्या सकाळी विहारात झेंडावंदन झालं, प्रेमिलाबाईंनी संविधानाची उद्देशिका वाचली, आणि पेढा वाटतावाटता सिंधूताईंनी विचारलंच.

"औंदा तरी जाऊन राहिल्या का, प्रेमिलाबाई? नाईतर मी पाचव्यांदा जाते न् तुमच्या वाटचं पाहून येते."

"फोटो पाठवते तुमाले," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "वरून. दोघाईचा."

टेंभुर्ण्यांनी महादुल्यातल्या दुकानातून चौकटींचं एक नवं रजिस्टर आणलं होतं. त्यात सहलीचं वेळापत्रक होतं. साडेआठ, बस. साडेनऊ, संविधान चौक. साडेदहा, झिरो माइल. साडेअकरा, मेट्रो. एक वाजता जेवण. दोन वाजता किल्ला.

"किल्ला सगळ्याच्या मांगं काहून?" प्रेमिलाबाईंनी बसमध्ये विचारलं. "चार वाजता बंद होते थो."

"मशीन थंडी असली का एकदम लोड नाई देत. हळूहळू चढवाचा."

"मी मशीन नाई."

"गुडघा तं हाय."

नागपूर त्यांच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. पण त्या शहरात ते आजवर दवाखान्यासाठी, लग्नासाठी किंवा कागदासाठी आले होते. पाहण्यासाठी कधी आले नव्हते. त्यामुळे कसं पाहावं याचा सराव नव्हता. संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला, तिथपर्यंत सवयीचं होतं. झिरो माइलच्या खांबापाशी टेंभुर्ण्यांनी खांबाभोवती एक फेरी मारली, काही गळतंय का पाहावं तशी. मेट्रोत लोक खिडकीबाहेर पाहत होते आणि ते वरच्या तारेकडे. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "ही वीज आपली हाय." गृहस्थांनी मान हलवली आणि पुढच्या स्टेशनवर उतरून गेले. प्रत्येक ठिकाणी वेळ आणि स्थिती रजिस्टरात चढत होती. स्थितीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: नॉर्मल.

मेट्रो अपेक्षेपेक्षा लवकर परत आली, डबा कस्तुरचंद पार्कच्या कडेला बसून लवकर संपला, आणि एक वाजताच दोघं किल्ल्याच्या पायथ्याशी पोचली. इथपर्यंत सहल वेळेच्या पुढे चालली होती. रांग तीनेकशे माणसांची होती, पण सरकत होती. चढ सुरू होतो तिथे रस्त्याच्या एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला कडुनिंबाचं झाड, आणि मधे आडवी दोरी. दोरीचं एक टोक कठड्याला बांधलेलं, दुसरं एका स्वयंसेवकाच्या हातात. वर फाटकाशी उभा असलेला जवान हात करी, की दोरी खाली होई आणि पन्नास माणसं वर जात. वीस मिनिटांत टेंभुर्णे पती-पत्नी थेट दोरीपाशी आली. पुढच्या पन्नासांत त्यांचा पहिला आणि दुसरा नंबर होता.

स्वयंसेवकाचं नाव जितेंद्र. वय चाळिशीचं, अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिटी. सकाळपासून उभा होता आणि थंडीमुळे त्याने चहा बराच घेतला होता. दोरीपाशी पहिला माणूस कोण हे त्याने पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, हातात रजिस्टर. असा माणूस दोरी घेऊन पळणार नाही, एवढं त्याला कळलं.

"काकाजी, दोन मिनिटं दोरी धरता का? जवानानं हात केला का पन्नास सोडाचे, मंग दोरी वर. मी आलोच."

"चार्ज देऊन राहिले का?" टेंभुर्ण्यांनी विचारलं.

"कायचा चार्ज, काकाजी. दोरी हाय." जितेंद्रने दोरी हातात दिली, आपली शिटी काढून त्यांच्या गळ्यात घातली आणि गेला.

टेंभुर्ण्यांनी रजिस्टर कठड्यावर ठेवून लिहिलं: १३.२० दोरीचा चार्ज घेतला. रांग अंदाजे ३००. नॉर्मल.

जवानाने हात केला. टेंभुर्ण्यांनी दोरी खाली केली आणि बायकोला म्हणाले, "तू जाय पुढं. मी आलोच मागून."

"एकटी जाचं असतं तं तेहतीस वर्षं काहून थांबली असती?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "दोन मिनिटांचं तं काम हाय. बसते मी." आणि त्या कडुनिंबाच्या पारावर पिशवी घेऊन बसल्या. त्यांच्या समोरून पन्नास माणसं किल्ला पाहायला गेली.

दोन मिनिटांची वीस झाली. टेंभुर्ण्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसलं नाही. उलट सकाळपासून जो माणूस कुठेही हात मागे बांधून अवघडून उभा होता, तो आता मोकळा झाला होता. पाच मिनिटांत त्यांनी रांगेची एकेरीऐवजी दुहेरी ओळ केली, कारण त्यात मोजणी सोपी जाते. म्हाताऱ्यांना कठड्याच्या बाजूला घेतलं. आधार कार्ड आधीच हातात काढून ठेवायला सांगितलं, त्यामुळे वर फाटकावरचा खोळंबा संपला. दर पंधरा मिनिटांनी रीडिंग: वर गेले, खाली आले, रांगेत शिल्लक. भंडाऱ्याहून आलेल्या एका कुटुंबाने त्यांना किल्ल्याचा इतिहास विचारला. त्यांनी सांगितलं की तो आपला विभाग नाही.

अडीच वाजता प्रेमिलाबाईंनी मुलाला फोन लावला. प्रशिक मिहानमध्ये एका कंपनीत आहे आणि त्यालाही त्या दिवशी सुटी नव्हती.

"तुह्या बाबानं ड्युटी पकडली."

"कुठं?"

"किल्ल्याखाली. दोरी धरून उभे हायत."

प्रशिकने विचारलं, "रिलीव्हर?"

"गेला थो. चहा पेत असन नाईतर घरी असन."

"मंग काही खरं नाई, आई. चटई आणली का सोबत?"

प्रेमिलाबाईंनी फोन ठेवला आणि दोरीपाशी गेल्या. "आवो, देऊन टाका न् कोणाच्या हातात. एवढे लोक उभे हायत."

"कोणाले देऊ? हे सारे पाहाले आले."

"आन् आपण?"

टेंभुर्ण्यांनी रीडिंग घेतलं. मात्र बायकोचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं असावं, कारण पुढचे पन्नास सोडताना ते वर फाटकापर्यंत ओरडले, "सर, मेरा रिलीव्हर नहीं आया!"

"आप कौन?" जवानाने वरून विचारलं.

"टेंभुर्णे!"

जवानाने विचार केला. सकाळपेक्षा गर्दी शिस्तीत येत होती हे त्यालाही दिसत होतं. "बढ़िया चल रहा है, टेंभुर्णेजी! चालू रखिए!"

हा वरून आलेला आदेश होता. आता तर प्रश्नच मिटला.

सव्वातीनला प्रेमिलाबाई उठल्या. त्या भांडल्या नाहीत. पिशवी खांद्याला लावली, रांगेच्या शेवटी गेल्या आणि उभ्या राहिल्या. गुडघ्यावर हात ठेवून पावलापावलाने पुढे सरकत त्या पंचवीस मिनिटांनी पुन्हा दोरीपाशी आल्या. टेंभुर्णे खाली मान घालून जोड्या मोजत होते. "सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास." दोरी वर झाली आणि प्रेमिलाबाईंच्या पोटाला लागली.

"आवो, मी हाय."

"दिसून राहिलं मले. पन्नास झाले."

"मी तुमची बायको हाय!"

"एकावन्नावी," टेंभुर्णे म्हणाले.

रांग हसली. मागे उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "सायेब, जाऊ द्या न् काकूले. आमी काई नाई म्हणत."

"आज हिले सोडलं तं उद्या दुसरा म्हणन मलेही सोडा."

"उद्या किल्ला बंद हाय!" प्रेमिलाबाई म्हणाल्या. या वेळी रांग जास्त हसली, आणि टेंभुर्ण्यांचा कान लाल झाला. पण दोरी वरच राहिली.

पावणेचारच्या सुमारास वरून जवान ओरडला, "अगला बैच आखरी! उसके बाद बंद!"

टेंभुर्ण्यांनी रांगेकडे पाहिलं. साधारण तेवढेच उरले होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नियम जड झाल्यासारखा दिसला. "तू जाय," ते हळू आवाजात म्हणाले. "फोटो काढून आण."

"कोणाचा? फाटकाचा?" प्रेमिलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "आना थे रजिस्टर. तुमची रिलीव्हर मी."

"तू?"

"काहून? सकाळपाळीचा डबा चार वाजता, दुपारपाळीचा एक वाजता, रात्रीचा नऊ वाजता. तेहतीस वर्षांत एक दिवस लेट झाला का माह्या?"

टेंभुर्ण्यांनी आठवून पाहिलं. झाला नव्हता. रिलीव्हर वेळेवर येणारा असावा, शुद्धीवर असावा आणि त्याला स्थितीची माहिती असावी. बाई तिन्हींत बसत होत्या, शिवाय अडीच तास स्थळावर हजर होत्या. त्यांनी रीतसर चार्ज दिला. रांगेत पन्नासच्या आसपास. शेवटची बॅच. पारावर एक म्हातारे बसलेत, त्यांना घेऊन जायचं. प्रेमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, १५.४४ अशी वेळ टाकली आणि सही केली. दोरी त्यांच्या हातात आली. टेंभुर्णे मोकळे झाले आणि पुढे काय करायचं ते न सुचून तिथेच उभे राहिले.

जवानाने हात केला. प्रेमिलाबाईंनी दोरी खाली करून मोजायला सुरुवात केली. पारावरचे म्हातारे धरून रांग सेहेचाळीसवर संपली. पन्नास व्हायला चार कमी होते. तेवढ्यात मोटारसायकल लावून चौघं धावत आले, तेही गेले. पन्नास. मग त्यांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं, आणि क्वार्टरच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालायची दोरी बांधत तशी ती झाडाच्या बुंध्याला दोन गाठी मारून बांधली. ओढून पाहिली. घट्ट होती.

"हे काय करून राहिली?" टेंभुर्णे घाबरून म्हणाले. "तुहा रिलीव्हर?"

"झाड हाय न्. थे चहा प्याले नाई जात."

अडीच तास ती दोरी त्या झाडापासून हातभर अंतरावर होती. टेंभुर्णे झाडाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"चला," प्रेमिलाबाई दोरीखालून वाकून पलीकडे जात म्हणाल्या.

"पन्नास झाले पण."

"आपण स्टाफ. स्टाफले मोजत नाईत."

यात टेंभुर्ण्यांना खोट काढता आली नाही. वीजकेंद्रातही तसंच होतं. तेही वाकून पलीकडे गेले. मागून आणखी दोघं जण धापा टाकत आले आणि दोरीपाशी थांबले. "काकू, आमाले?"

"एक मेले या," प्रेमिलाबाईंनी वळून सांगितलं. "टोपी घालून या."

चढायला त्यांना बारा मिनिटं लागली. टेंभुर्ण्यांनी हात धरला होता आणि दर पन्नास पावलांवर थांबवत होते. फाटकावर जवानाने कार्डं पाहिली, नाव वाचलं आणि "अच्छा, आप टेंभुर्णेजी," म्हणून दोघांना आत सोडून फाटक लावून घेतलं.

वर तोफा होत्या, जुन्या कबरी होत्या, स्वच्छ झाडलेले रस्ते होते, आणि चारी बाजूंना नागपूर. प्रेमिलाबाईंनी आधी बर्डीचा बाजार शोधला, मग त्यातला तो रस्ता, मग साडीचं दुकान जिथे होतं तिथली मोबाइलची पाटी. तिथून वर पाहणारी माणसं बोटाच्या पेराएवढी दिसत होती. "मले वाटलं होतं लय उच्च असन," त्या म्हणाल्या. पण लगेच हलल्या नाहीत.

टेंभुर्णे तोवर उत्तरेच्या बाजूला गेले होते. धुरकट हवेतही कोराडीच्या चिमण्या ओळखू येत होत्या.

"प्रेमिला, इकडं ये वं. एक चिमणी बंद दिसून राहिली. फोन करू का रुपरावच्या पोराले? थो प्लँटमंदीच हाय आता."

"फोन द्या तो इकडं."

त्या फोनवर एका जवानाने फोटो काढून दिला. किल्ल्याची आतली बाजू फोटोत घ्यायची नाही, चिमण्यांकडे पाठ करून उभं राहा, असं त्याने सांगितलं. प्रेमिलाबाई उलट तोंड करून उभ्या राहिल्या. टेंभुर्ण्यांना तीन वेळा सांगावं लागलं.

दोघं खाली उतरली तेव्हा झाडाशी जितेंद्र उभा होता आणि गाठी सोडवत होता. त्याची ड्युटी एक वाजताच संपली होती. तो नंदनवनला घरी जाऊन जेवून, झोपून, शिटी परत घ्यायला आला होता. "काकाजी, तुमी अजून इथंच?" त्याने मनापासून आश्चर्याने विचारलं. टेंभुर्ण्यांनी शिटी दिली आणि रजिस्टर पुढे केलं. जितेंद्रने न वाचता सही केली.

परतीच्या बसमध्ये प्रेमिलाबाईंनी फोटो सिंधूताईंना पाठवला. फोटोत प्रेमिलाबाई समोर पाहत हसत होत्या, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टाची एक पाठ होती. महादुला येण्याआधी उत्तर आलं: "छान. पण अंकुशराव पाठमोरे काहून?"

प्रेमिलाबाईंनी शेजारी पाहिलं. टेंभुर्णे खिडकीतून चिमण्या मोजत होते. बाईंनी टाइप केलं, "ड्युटीवर हायत," आणि फोन पिशवीत टाकला. मग नवऱ्याच्या मांडीवरचं रजिस्टर ओढून घेतलं. शेवटची ओळ टेंभुर्ण्यांनी आधीच भरली होती: १६.०५ किल्ला पाहिला. स्थितीचा रकाना रिकामा होता.

"इथं काहून नाई लिहिलं?"

"चार्ज तुह्याकडं होता," टेंभुर्णे म्हणाले.

प्रेमिलाबाईंनी त्यांच्या खिशातला पेन काढला, गुडघ्यावर रजिस्टर टेकवलं आणि लिहिलं: नॉर्मल.